तळ्याकाठचा अबोल ताउनो

ताउनो बाकावर बसला की बाक भरलं. खरं तर आणखी तीन माणसं सहज मावली असती. पण कोइवुलाम्पी तळ्याच्या बागेत बसलेल्या माणसाशेजारी जाऊन टेकणं म्हणजे त्याच्या घरात न विचारता शिरणं. लोक लांबूनच मान हलवत आणि पुढचं बाक गाठत. ताउनोनेही जन्मभर तेच केलं होतं, त्यामुळे तक्रार तरी कोणत्या तोंडाने करणार?

नोकरीभर त्याने शहराची बस चालवली. 'चालकाशी बोलू नये' ही पाटी प्रवाशांपेक्षा त्यानेच जास्त पाळली. घरी बोलायचं खातं बायकोकडे, साइमीकडे होतं. ती दोघांच्या वाटचं बोलायची, हा कॉफी पीत 'हं' म्हणायचा. दोन वर्षांपूर्वी साइमी गेली आणि तो 'हं'सुद्धा कुणाला म्हणावा, असा प्रश्न पडला. म्हणून तो रोज तळ्यावर येई. पोरं पाण्यात उड्या मारत, कुणी होडी वल्हवत जाई, सॉनाच्या गरम वाफेतून लालबुंद होऊन निघालेली माणसं काठावर वारा खात बसत. सगळे त्याच्या दुःखाचा मान राखून दूर राहत. त्या मानानेच तो अर्धमेला झाला होता.

ऑगस्ट सरत आला होता. थंडी पडली की बाग ओस, आणि मग वसंतापर्यंत चार भिंती. या हिवाळ्याची ताउनोला खरोखर भीती वाटत होती.

पलीकडच्या बाकावर एक बाई विणकाम घेऊन बसे. नाव इर्या, हे पुढे कळलं. तिला एकांत प्रिय असणार, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं.

त्या दिवशी ती सतरंज्या धुवायला आली. जुन्या कपड्यांच्या पट्ट्या विणून केलेल्या लांबलचक सतरंज्या. तळ्याच्या धक्क्यावर सगळ्यांसाठी मांडलेल्या लाकडी टेबलांवर घासायच्या आणि पिळायच्या यंत्राच्या दोन रुळांमधून काढायच्या. या यंत्राला माणसं दोन लागतात, एक दांडा फिरवायला आणि एक सतरंजी सरकवायला. इर्या एकटीच दोन्हीकडे धावत होती. दांडा फिरवावा तर सतरंजी वाकडी, सतरंजी सरळ करावी तर दांडा थांबलेला. बाकीचे आपापल्या साबणात नजर खुपसून होते. न मागता मदत करायची म्हणजे समोरच्याला कमी लेखणं.

ताउनो उठला, बसला, पुन्हा उठला. शेवटी तिथवर गेला.

"हात लावू का?" सकाळपासूनचे पहिलेच शब्द, आवाज खरखरला.

"जमतंय माझं," इर्या म्हणाली.

तो मुकाट्याने वळला.

"अहो! जमतंय म्हटलं, जा कुठं म्हटलं?"

"मला वाटलं..."

"वाटलं, वाटलं! इथं सगळ्यांना नुसतं वाटतच असतं. नवरा गेल्यापासून एकटीच जमवतेय सगळं. धरा तो दांडा."

त्याने धरला आणि गरागरा फिरवला.

"सावकाश! बस हाकताय का?"

"हाकायचो."

"तरीच!"

सतरंजी सरकवता सरकवता ती म्हणाली, "उन्हाळाभर समोर बसते मी. चार शब्द बोलावेसे वाटायचे. पण तुमचा चेहरा बघून म्हटलं, या माणसाला एकांत हवाय."

"मला?" ताउनोचा हात थांबला. "एकांत घरी रग्गड आहे हो. इथं मी माणसांसाठी येतो."

इर्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग घाईघाईने मान खाली घातली. "फिरवा, फिरवा. थांबू नका."

सतरंज्या वाळत घालून झाल्यावर तिने विचारलं, "तुमच्या घरच्या कधी धुतल्या?"

"बायको धुवायची. दोन वर्षं झाली तिला जाऊन."

"म्हणजे दोन वर्षांची माती. उद्या आणा. मी आहे."

घरी जाऊन ताउनोने मळक्या सतरंज्या गोळा केल्या. दोनच निघाल्या, घटकाभराचं काम. मग त्याने कपाट उघडलं. साइमीने धुऊन, घडी घालून ठेवलेल्या आणि त्याने आजवर हातही न लावलेल्या स्वच्छ सतरंज्या एकेक करून काढल्या, आणि त्याही दाराशी नेऊन ठेवल्या.