आमच्या कुत्रीचं डोहाळजेवण

कुत्रीला पिल्लं होऊ द्यायची की तिचं ऑपरेशन करायचं, हे आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर ठरलं. टेबलावर मुलगा होता, सून होती, विहीणबाई होत्या. मी ओट्याशी पोळ्या करत होते आणि कुत्री माझ्या पायांवर पडली होती.

मुलाने ती अगदी लहान असताना आणली. लॅब्राडोर, पिवळसर रंगाची. नाव इंग्रजी ठेवलं, ते माझ्या तोंडात बसत नाही, म्हणून मी तिला बाळे म्हणते. मुलगा आणि सून दोघंही ऑफिसला जातात. तिला बिबवेवाडीच्या चढावर फिरवणं, तिचा भात शिजवणं, दवाखान्यात नेणं हे सगळं माझ्याकडे आहे. मला त्याचा कंटाळा नाही. दिवसभर घरात माझ्याशी बोलणारी ती एकटीच.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं होतं, "पिल्लं नको असतील तर ऑपरेशन करून घ्या. उगाच लांबवू नका."

मी घरी तेच सांगितलं. त्यावर विहीणबाई म्हणाल्या, "अहो, एकदा तरी विऊ द्या बिचारीला. बाईच्या जन्माला आली आहे."

सून म्हणाली, "हो ना. मदरहूडचा अनुभव तिला मिळायलाच हवा. नेचर आहे ते."

मी तव्यावरची पोळी उलटायची विसरले. हीच सून तीन वर्षांपूर्वी मला म्हणाली होती, "आई, आम्हाला मूल नकोय. माझं शरीर आहे, ठरवणार मी. बाई म्हणजे काही पोरं काढायचं मशीन नाही." मला नातवंड हवं होतं. रात्री रडू आलं, पण मनात म्हटलं, खरं आहे तिचं. मला असं बोलता आलं असतं तर मीही बोलले असते. त्यानंतर मी तो विषय कधी काढला नाही.

"आई, तुला काय वाटतं?" मुलाने विचारलं. नजर मोबाईलमध्येच होती.

"ऑपरेशन करून टाका," मी म्हटलं.

"काय?"

"ऑपरेशन."

"अगं आई, तू फार जुन्या विचारांची आहेस," तो म्हणाला आणि टेबलावरचे सगळे हसले.

माझं स्वतःचं ऑपरेशन माझ्या सासूबाईंनी ठरवलं होतं. दोन मुली होऊन गेल्या, मग हा मुलगा झाला, आणि सासूबाई म्हणाल्या, "आता पुरे." मला कोणी विचारलं नाही. पण खरं लिहायचं तर सासरी माझ्यावर झालेला तो एकच उपकार. त्यानंतर मी पहिल्यांदा निर्धास्त झोपले. हे मी टेबलावर कसं सांगणार? मुलासमोर?

नर खडकीचा मिळाला. मुलाच्या ऑफिसातल्या कोणाच्या तरी वडिलांचा. कुत्री माझ्याशिवाय गाडीत बसेना, म्हणून मलाही नेलं. तिथे चहा झाला, पोहे झाले. ते गृहस्थ मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, "आमचा मुलगा खानदानी आहे बरं का. हुंडा नको, पण पहिलं पिल्लू आम्ही निवडणार. तशी रीतच आहे."

"आमची मुलगीही काही कमी नाही," सून म्हणाली. सगळ्यांना फार मजा वाटत होती.

मागच्या अंगणात नेल्यावर कुत्री माझ्या साडीत शिरली. दात दाखवायला लागली. आजवर तिने कोणालाही दात दाखवले नव्हते.

"काकू, गळपट्टा घट्ट धरा. तुमचं ऐकते ती," ते गृहस्थ म्हणाले.

मी धरला. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे, त्यांच्या दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांकडे पाहत राहिले. परत येताना स्वारगेटला गाडी बराच वेळ अडकली, तेव्हा तिने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. तिला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

दिवस राहिल्याचं कळल्यावर सुनेने डोहाळजेवण करायचं ठरवलं. आजकाल करतात म्हणे. सोसायटीतल्या बायका बोलावल्या, फुलांचे दागिने मागवले, हिरव्या खणाचं कापड तिच्या पाठीवर बांधलं. पाट, रांगोळी, सगळं माझ्या हातचं. पुरणही मीच घातलं. ओटी भरायची वेळ झाली तेव्हा विहीणबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि हळूच म्हणाल्या, "विहीणबाई, तुम्ही जरा आतच बसा हं. सवाष्णींचं काम आहे. तसं मी मानत नाही, पण लोक असतात ना."

आमचे हे जाऊन अकरा वर्षं झाली. लग्नाकार्यात आत बसायची मला सवय आहे. पण कुत्रीच्या ओटीलाही मी चालत नाही, हे मला नवीन होतं.

मी आत बसले. बाहेर कुत्री पाटावर बसेना. तिला आधी एकीने धरलं, मग दुसरीने. ती सगळ्यांना ओढत, फुलांच्या माळा तोडत थेट आत माझ्याकडे आली. बायका हसून लोटपोट. शेवटी सूनच आत आली. "आई, प्लीज, दोन मिनिटं तिला धरा. फक्त फोटोपुरतं."

म्हणून मी पाटाजवळ बसले आणि पुन्हा गळपट्टा धरला. पाच सवाष्णींनी हळदकुंकू लावून तिच्यापुढे नारळ-तांदूळ ठेवले. मला कोणी काही लावलं नाही.

"आई, मान जरा मागे घ्या. फ्रेममध्ये येताय."

मी मान मागे घेतली. मग मुलगा की मुलगी ओळखायला दोन वाट्या पालथ्या घातल्या, एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. कुत्रीने नाकाने दोन्ही वाट्या उडवल्या आणि दोन्ही गट्ट केले. तेव्हा मात्र मलाही हसू आलं. सगळ्या समारंभात तिचंच काय ते बरोबर होतं.

तिला कळा सुरू झाल्या त्या एका दुपारी. घरात मी एकटी. एक पिल्लू झालं, मग बराच वेळ काही नाही. ती कळा देत होती आणि काही बाहेर येत नव्हतं. मी मुलाला फोन लावला, सुनेला लावला, पुन्हा मुलाला लावला. दोघांनी उचलला नाही. रिक्षावाला म्हणाला, "कुत्रं नाही बसवणार, मावशी." मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि खाली उतरून तिला उचलू लागला. झालेलं पिल्लू मी पदरात घेतलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पिल्लू आडवं अडकलंय. पोट उघडावं लागेल."

मी हो म्हटलं. त्यात ठरवण्यासारखं काही नव्हतं. पण थोड्या वेळाने त्या बाहेर आल्या. "पिल्लं निघाली काकू, चार जिवंत आहेत. आता एक सांगा. पिशवी ताणली जाऊन फार पातळ झाली आहे. शिवून ठेवता येईल, पण पुढच्या वेळी असंच होईल, किंवा याहून वाईट. आत्ताच काढली तर तिला पुन्हा टेबलावर यायला नको. तुमच्या मुलाला मीही फोन केला, तो घेत नाहीये. मला थांबता येणार नाही."

"मी सांगू?"

"तिला आणतं कोण?"

"मी."

"मग सांगा."

मला आयुष्यात इतक्या सरळपणे कोणी काही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "काढा."

संध्याकाळी दोघं धावत आले. पिल्लं पाहून सून आधी रडली, मग तिला पिशवीचं कळलं आणि ती वेगळी रडली. "कायमचं? आई, हा आमचा डिसिजन होता. पुढच्या वेळचं पिल्लू मी माझ्या ताईला कबूल केलंय!"

"तू निदान विचारायचं होतंस," मुलगा म्हणाला.

"फोन लावले होते," मी म्हटलं.

"मग थांबायचंस ना."

विहीणबाई दुसऱ्या दिवशी पिल्लं बघायला आल्या. पाळण्यात बघावं तसं टोपलीत वाकून बघितलं आणि कोणाकडेच न बघता म्हणाल्या, "म्हणून म्हणत होते, ओटीच्या वेळी हात लावू देऊ नका." सून पिल्लांचे फोटो काढत राहिली. मला वाटलं होतं, यावर तरी ती काही बोलेल. शिकलेली आहे.

खडकीचे गृहस्थ आले आणि सगळ्यांत धष्टपुष्ट पिल्लू निवडून घेऊन गेले. बाकीचीही गेली. कुत्री काही दिवस टोपलीपाशी जाऊन वास घ्यायची, मग माझ्याकडे यायची. आता नाही जात. अंग भरलंय तिचं. माझ्या पायांवर पडून घोरते. मी जे केलं त्याचा मला पश्चात्ताप नाही, हे इथे लिहून ठेवते, कारण घरात अजून कोणी मला ते विचारलेलं नाही.

मुलगा डॉक्टरीणबाईंकडे जाऊन सांगून आला, यापुढे आईच्या सांगण्यावरून काही करायचं नाही. त्यांनीच मला हे सांगितलं, मान खाली घालून.

काल टेबलावर पुन्हा बोलणं झालं. दुसरी कुत्री आणायची आहे, लहान. ही एकटी पडते म्हणे. "या वेळी सगळं नीट प्लॅन करू," सून म्हणाली. "पहिल्यापासून." मग आत वळून गोड आवाजात म्हणाली, "आई, सांभाळाल ना तिला? तुमचंच ऐकतात त्या."

मी पोळ्या करत राहिले. मनात ठरवलंय, त्या नवीलाही खडकीला न्यायची वेळ येईल तेव्हा या खेपेला गळपट्टा मी धरणार नाही. त्यांचा त्यांनी धरावा.

पण ती माझ्या साडीत शिरेल. आणि दुसऱ्या कोणी धरलं तर तिला दुखवतील.