डोंगराची भूक आणि ताईची राख

फोन आला तेव्हा मी उल्हासनगरात एका सिंधी दुकानदाराकडे सोफ्याचं कापड बघत होतो. भाचा समीर एवढंच म्हणाला, "मामा, आई गेली." माझा चेहरा बघून दुकानदाराने कापडाचा गठ्ठा बाजूला सारला. "साईं, पहले बैठो. पानी पियो." त्यानंतर पुष्कळ माणसं भेटली, पुष्कळ बोलली, पण माणसासारखी बोलली ती दोघंच, त्यांतला तो पहिला. बाकीच्यांची मला किळस आली. ती अजून गेलेली नाही...

माझी थोरली बहीण कॉलेजात मातीचं शास्त्र शिकवायची. निवृत्तीनंतर तिचा सगळा जीव बदलापूर गावामागच्या उतारावर, तिथल्या जुन्या ऐनाच्या झाडांत. बोलण्याचा विषय एकच, स्फुरद. म्हणजे आपण फॉस्फरस म्हणतो तो. "आपला डोंगर ज्वालामुखीच्या दगडाचा," ती सांगायची. "इथल्या तांबड्या मातीत स्फुरद आहे रे, पण लोखंडाला असा चिकटून बसतो की झाडाच्या तोंडी पडत नाही. कोठीच्या किल्ल्या कमरेला लावून बसलेली सासू आहे ही माती." झाडं जगतात ती कुजणाऱ्या पाल्यावर. पाल्यातून स्फुरद हळूहळू सुटतो आणि माती तो गिळायच्या आत मुळं आणि मुळांवरची बुरशी तो उचलून घेतात. म्हणून पाला कुणी झाडला की ताई पिसाळायची.

त्यावरून गावातल्या ठकूबाईशी तिची वर्षानुवर्षं भांडणं. ठकूबाई भात लावणारी. पेरणीआधी ऐनाच्या फांद्या आणि पाचोळा वाफ्यावर पसरून जाळायचा, म्हणजे राब भाजायचा, ही तिची पिढीजात रीत. "बाय, राब नाय भाजला तं रोप काय खाल?" ती विचारायची. "आणि तू सगळं नेलंस तर डोंगर काय खाईल?" ताईचं उत्तर. शेवटी तह झाला. फांद्या ठकूबाईच्या, पडलेला पाला डोंगराचा. तह झाल्यावरही दोघी भांडतच राहिल्या, कारण त्याशिवाय त्यांना करमत नसे.

गेल्या दिवाळीत फराळाला बसलो असताना ताई सहज म्हणाली, "मी गेल्यावर मला नदीत सोडू नका. हाडांत स्फुरद असतो, फुकट जाईल. ऐनाखाली पसरा." सूनबाई "शी!" म्हणाली. समीर हसला. मी म्हणालो, "मी पसरीन." ताईने चकली मोडून अर्धी माझ्या ताटात ठेवली आणि विषय संपवला.

अस्थी गोळा करायच्या दिवशी मी आठवण दिली. नातेवाईक माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी काही घाण बोललो. "मामा, लोक काय म्हणतील? आई काय खत आहे?" समीरने विचारलं. अस्थींचा कलश नाशिकला गेला. बदलापूरच्या घाटावर प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलेलं निर्माल्य फेसात तरंगत असतं, तिथे निदान ताई गेली नाही, एवढंच समाधान. पण चितेच्या जागी राख उरली होती, हाडांचे बारीक तुकडे असलेली. "हिचं काय करता?" मी स्मशानातल्या माणसाला विचारलं. "काय करणार काका, ढकलतो नाल्यात." मी ती गोणीत भरून घरी आणली आणि गॅलरीत ठेवली. बायको आठवडाभर गॅलरीत फिरकली नाही. नाही फिरकली तर नाही.

मग आलं ताईच्या नावाचं वृक्षारोपण. उतारावर फ्लेक्स लागला. त्यात ताईचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि नेत्यांचे चेहरे परातीएवढे. पाहुण्यांच्या खुर्च्यांसाठी पाला झाडून पेटवून दिला होता. खड्डे काढले होते, आणि प्रत्येक खड्ड्यात सुपर फॉस्फेट, म्हणजे स्फुरदाचंच विकतचं खत, ओतलं जात होतं. डोळ्यांदेखत ती तांबडी माती ते गिळणार होती. गुलमोहराची रोपं पिशवीसकट पुरली. हाडं म्हटल्यावर नाक मुरडणारा समीर ते दाणेदार खत ओंजळीने घालत होता, फोटोसाठी. माईक पुढे आला तेव्हा म्हणालो, "पाला जाळलात, आता फ्लेक्सवरून तिचं नाव तरी काढा." टाळ्या वाजल्या. कुणी ऐकतच नव्हतं!

मी गाडीतून गोणी काढली आणि वर चढलो, जिथे खुर्च्या पोचल्या नव्हत्या. मागून ठकूबाई आली. गोणीत काय आहे ते तिने विचारलं, मी सांगितलं. तिने पदर खोचला, कोपरापर्यंत हात गोणीत घातला आणि राबाची राख पसरतात तशी ताईला ऐनांच्या बुंध्यांभोवती, पाल्यावरून सारखी पसरू लागली. एक हाडाचा तुकडा बोटांत आला. तिने तो दाबून पाहिला. फुटला नाही.

"बाय लय चिवट व्हती," ती डोळे पुसत म्हणाली. "सुटंल. हलू हलू सुटंल."