शरिफाबीचं वेगळं ताट

परंड्यात किल्ल्याच्या मागल्या अंगाला शरिफाबी राहायची. म्हणजे घर भावाचं होतं, पण ती राहायची परसातल्या शेळ्यांच्या खोपीत. भाऊ वजीर कपडे शिवायचा. सज्जन माणूस, पण भ्यालेला. भ्यायला कारणही होतं म्हणा. शरिफाबीचे कान लहानपणापासून वाहायचे, वर्षातून चारदा छाती भरून यायची, मानेला गाठी उठायच्या. तिची लेक फरिदा अंगावर पीत होती तेव्हा एका हकिमानं त्या गाठी दाबून बघितल्या आणि दिक आहे म्हणून सांगितलं. दिक म्हणजे क्षय. झालं! नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडलं आणि तो पुन्हा फिरकला नाही. वजीरच्या बायकोनं, नूरजहाँनं, फरिदाला उचलून घरात घेतलं आणि शरिफाबीला जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, एक ताट वेगळं काढून दिलं.

तुम्ही म्हणाल, ताटाचं काय एवढं घेऊन बसलात? अहो, त्या घरात जेवायचा कपडा, दस्तरखान, अंथरला की मधोमध एकच मोठं तबक यायचं आणि लहानथोर सगळे त्यातूनच जेवायचे. त्या तबकात ज्याचा हात, तो घरचा. शरिफाबीचा हात सहा वर्षं बाहेर होता. नूरजहाँ लांबून तिच्या ताटात भाकरी टाकायची आणि फरिदाला दटावायची, "फुफूजवळ जायचं न्हाय." पोर नूरजहाँला अम्मी म्हणायची आणि जन्म दिलेल्या आईला फुफू, म्हणजे आत्या. शरिफाबी दारावरच्या पडद्याच्या फटीतून लेकीचं जेवण बघत बसायची. दिवसभर बोलायला शेळ्या होत्या. त्यांना काय कळायचं, कपाळ! तिला जगात दुसरं काही नको होतं, फक्त एकदा लेकीच्या शेजारी बसून त्या तबकातला घास खायचा होता.

निजामाचं राज्य जाऊन दहा वर्षं झाली तेव्हा सरकारी दवाखान्यात विरुपाक्ष नावाचा तरुण डॉक्टर बदलून आला. ताप चढला की शरिफाबी त्याच्याकडं जायची, तो पेनिसिलिनच्या सुया टोचायचा आणि आठवड्यात ती उठून बसायची. तिसऱ्या खेपेला डॉक्टर तिच्याकडं बघतच राहिला.

"बाई, क्षय पेनिसिलिननं हटत नसतो. तुमचा दर वेळी हटतो कसा?"

"म्या काय सांगू साहेब? मेली न्हाय एवढं खरं."

त्यानं तीनदा थुंकी तपासली, सोलापूरला पाठवून छातीचा फोटो काढवला. क्षयाचा मागमूस नाही! मग होतं काय? डॉक्टरनं कुठं तरी वाचलं होतं, काही माणसांच्या रक्तात रोगाशी झुंजायचा ऐवजच नीट तयार होत नाही. यापुढं त्यालाही ठाऊक नव्हतं.

ते कळायला जगाला आणखी चाळीसेक वर्षं लागली. रोग अंगात शिरला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी आधी घाईघाईनं रोगाशी झुंजणारी कच्ची प्रतिद्रव्यं बनवतात. ती पक्की व्हायची तर पेशीला स्वतःच्या जनुकातली अक्षरं बदलावी लागतात. ते काम एका विकराचं, म्हणजे एन्झाइमचं, सायटिडीन डिअमिनेज. नाव उच्चारताना जीभ अडखळते, पण काम बघा: 'सी' अक्षरावरचा एक कण तोडायचा की अक्षर बदललं, आणि पेशी पक्का माल काढायला लागली. याचे भाऊबंद पुष्कळ. कुणी अंगात घुसलेल्या विषाणूच्या अक्षरांचा विचका करतो, तर कुणी रक्ताच्या कर्करोगावरचं औषधच मोडून टाकतो, म्हणून डॉक्टरांना त्या औषधाचा डोस त्याच्या हिशेबानं द्यावा लागतो. शरिफाबीसारख्या माणसांत आईबाप दोघांकडून आलेली त्या पहिल्या विकराची घडण बिघडलेली असते. मग आयुष्यभर कच्च्या मालावर भागवायचं. तिचा गुन्हा काय तो एवढाच, आणि तो कुणाला लागणारा नव्हता.

डॉक्टरनं सही-शिक्क्याचा कागद दिला. "तुमच्यापासून कुणाला काही होणार नाही. पण बाई, लोकांपासून तुम्हाला होईल. खोकल्या-पडशाच्या माणसाजवळ बसायचं नाही. खोपीत एकट्या राहिलात म्हणूनच कदाचित वाचलात."

शरिफाबीनं घरी पहिलं तेवढंच सांगितलं. दुसरं गिळलं.

वजीरनं कागद तीनदा वाचला आणि ढसाढसा रडला. "आपा, माफ कर मला. जुम्म्याला आपण सगळे संगं जेवू."

शुक्रवारी नमाज पढून वजीर आला. शरिफाबी नहाली, धुवट ओढणी घेतली आणि सहा वर्षांनी उंबरा ओलांडून आत आली. फरिदाला तीन दिवसांपासून खोकला होता. लाल डोळ्यांनी ती दस्तरखानावर बसलेली. नूरजहाँ खालमानेनं म्हणाली, "बसा आपा, तिच्याजवळच बसा." शरिफाबी दाराशी क्षणभर थबकली, मग लेकीला खेटून बसली. बिस्मिल्ला म्हणून तिनं तबकात हात घातला.

फरिदानं झटकन आपला हात मागं घेतला.

"अम्मी, फुफूनं हात घातला!"

वजीर पोरीवर ओरडणार, तेवढ्यात शरिफाबीच म्हणाली, "रागावू नको भाई. तिचं काय चुकलं?" तिनं हात काढून घेतला, ओढणीला पुसला. "तू खा बेटा. मी नुसती बसते."

बऱ्याच वेळानं पोरीनं पुन्हा घास उचलला. खाता खाता तिला खोकल्याची उबळ आली, शरिफाबीच्या तोंडावरच. शरिफाबी जागची हलली नाही. लेकीचं जेवण होईस्तोवर ती तिथंच बसून राहिली.