मामांचे आडनाव आणि शेऱ्याचा रकाना

तहसील कचेरीच्या आवारात, कुंपणाच्या भिंतीलगत मेज टाकून मी गेली सत्तावीस वर्षे अर्जलेखनाचे कार्य करीत आहे. माझे शालेय शिक्षण नववीच्या सहामाहीपर्यंत झाले. त्यापुढचे शिक्षण मी कचेरीतील कागदांकडून घेतले आणि ते अधिक टिकाऊ ठरले, असे माझे नम्र परंतु ठाम मत आहे. आमच्या पाटण भागात वारसनोंदीपासून बांधावरच्या झाडापर्यंत ज्या ज्या गोष्टीवर माणसे भांडू शकतात, त्या सर्वांवरील अर्ज माझ्या हातून गेलेले आहेत.

या अनुभवातून मला एक तत्त्व सापडले. अर्जाचा प्राण मजकुरात नसून तक्त्यात असतो. साहेब मजकूर वाचत नाहीत, साहेब तक्ता पाहतात. अनुक्रमांक, नाव, तपशील आणि सर्वांत शेवटी शेरा, असे रकाने ओळीने उभे असले की साधी तक्रारसुद्धा भारदस्त दिसते. शेऱ्याच्या रकान्यात लिहिण्यासारखे काही नसेल तर तेथे 'निरंक' असे लिहावे. जागा मोकळी सोडल्यास पुढे कोणीतरी तीत काहीतरी घुसडतो.

टंकयंत्राचा काळ संपल्यावर मी संगणकाकडे वळलो. कराडला एक भाभी डीटीपीचे दुकान चालवतात. पुस्तकांची पाने ज्यावर मांडतात ते सॉफ्टवेअर त्यांच्याकडे आहे आणि सुट्टीच्या दिवशी एसटीने जाऊन मी ते त्यांच्याकडून शिकलो. प्रारंभी मी टंकयंत्राच्या सवयीने रकान्यांमधील अंतर स्पेसबार मारून राखत असे.

"काका," भाभी म्हणत, "ती कळ हाय, खुंटी न्हाई ठोकायची. रकान्याची रेघ धरा आन सरकवा."

मी रेघ सरकवण्यास शिकलो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मी स्टाइल बनवण्यास शिकलो. एकदा रेघांची जाडी, अक्षराचा आकार, मथळ्यामागचा राखाडी रंग हे सारे ठरवून त्याला नाव दिले की पुढचा कोणताही तक्ता त्या नावाने हाक मारताच तसाच सजून उभा राहतो. मी माझ्या स्टाइलला 'कचेरी' असे नाव दिले. ओळीची उंची 'किमान' ठेवायची की 'नेमकी', असे सॉफ्टवेअर विचारते. मी नेमकी ठेवली. प्रत्येक नोंदीला एकच ओळ आणि सर्वांना समान उंची. शिस्त म्हणतात ती हीच.

अशा परिस्थितीत माझ्या कन्येचे लग्न ठरले. पत्रिका मी स्वतः मांडणार, हे मी घरात जाहीर केले.

"आवं, पत्रिकेला तक्ता कशाला?" सौभाग्यवतींनी कच्चा आराखडा पाहून विचारले.

"कोण कोणाचा कोण, हे पाहुण्यांना एका दृष्टिक्षेपात कळले पाहिजे," मी म्हणालो.

"त्यास्नी ठावं हाय की. त्यांचीच भावकी हाय."

स्त्रियांना दस्तऐवजाचे महत्त्व पटण्यास वेळ लागतो. मी कराडला गेलो. भाभी जेवायला घरी गेल्या होत्या, त्यामुळे मी एकट्यानेच संगणकापुढे बसून सोळा निमंत्रकांचा तक्ता केला. रकाने चार : अनुक्रमांक, नाव, नाते, शेरा. 'कचेरी' स्टाइल लावताच पत्रिकेला असा काही रुबाब आला की मी खुर्चीतून उठून दोन पावले मागे सरकून ती पाहिली.

तेव्हा मला तो ठिपका दिसला. तिसऱ्या ओळीत, वधूच्या मामांच्या नावाच्या चौकोनात, उजव्या कोपऱ्याला एक लाल ठिपका उमटला होता. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना आपल्याकडे हळदकुंकू लावतात. हे सॉफ्टवेअर बनवणारा मनुष्य कोणत्याही मुलखातला असो, त्याच्या घरी लग्नकार्ये रीतीने होत असावीत, असे मला वाटले. कुंकू नेमके मामांनाच लागले, याचेही मला कौतुक वाटले. मी पाच प्रती छापून घेतल्या. छापील कागदावर ठिपका आला नाही, तो दोष मी यंत्रातल्या शाईला दिला.

पहिली पत्रिका देवापुढे ठेवली. दुसरी रीतीप्रमाणे मामाची. सौभाग्यवती ती घेऊन पलूसला आपल्या एकुलत्या एका भावाकडे गेल्या आणि दुसऱ्या दिवशी ती पत्रिका घेऊनच परत आल्या.

"घेतली न्हाई त्यानं," त्या पिशवी खाली टाकत म्हणाल्या. "म्हणला, ही माझी न्हवंच. लग्नाला येत न्हाई म्हणतोय. पोरीला हाताला धरून बोहल्यावर कुणी न्यायची? तुमच्या तक्त्यानं?"

मामाशिवाय आमच्याकडे मुलगी बोहल्याकडे पाऊल टाकत नाही आणि या मुलीला मामा एकच. मी तत्काळ पलूसला दूरध्वनी लावला. माझे मेहुणे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले असून फोनवरही ते उभे राहून बोलतात.

"दाजी," ते म्हणाले, "पत्रिका हातात हाय का? माझी ओळ वाचा."

मी वाचली. निवृत्त सुभेदार, त्यांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव. आणि पुढे रेघ.

"आडनाव कुठं गेलं?"

मी कागद उलटा करून पाहिला.

"बाकी पंधरा जणांना आडनावं हायती. तुमच्या चुलत्याला हाय, त्या चुलत्याच्या जावयाला हाय. माझंच काढलंय. चोवीस वर्सं सीमेवर उभा हुतो, दाजी, दुश्मनानं आडनावाला हात लावला न्हाई! आन म्होरं लिवलंय काय? निरंक! निरंक म्हंजी काय वो?"

"निरंक म्हणजे आपल्याविरुद्ध काहीही नाही. याहून उत्तम शेरा शासनाकडे उपलब्ध नाही," मी सविस्तर सांगितले.

"ज्याला आडनाव न्हाई त्यो मांडवात कशाला?" असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.

यावर उपाय मात्र सौभाग्यवतींनी काढला, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. त्यांनी भावाला फोन लावून इतकेच सांगितले की, "उद्या कराडला ये. तुज्या डोळ्यांदेखत हे आडनाव घालतील. न्हाई घातलं तर मी बी लग्नाला न्हाई." दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भाभींच्या दुकानात पोचलो, तर सुभेदार आमच्याआधीच तेथे ताठ बसलेले होते.

भाभींनी पत्रिका पडद्यावर उघडली, लाल ठिपका पाहिला आणि तोंडाला पदर लावला.

"काका, ह्यो ठिपका म्हंजी आत मजकूर मावंना झालाय. आडनाव दुसऱ्या ओळीवर गेलंय, आन तुमी ओळीची उंची नेमकी ठेवलीया. आत बसलंय गुदमरून बिचारं."

"आत हाय?" सुभेदार पडद्यावर वाकले. "भायेर काढा त्याला!"

भाभींनी उंची नेमकीवरून किमान केली. ओळ दुप्पट झाली आणि आडनाव खालच्या रांगेत एकटेच उभे राहिले.

"ह्ये खाली का लटकतंय? फौजेत एका रांगेत उभं करत्यात. वरती घ्या."

उंची पुन्हा नेमकी केली. आता मी पुढाकार घेतला. नावाच्या रकान्याची रेघ धरून उजवीकडे ओढली. आडनाव आले, परंतु संपूर्ण तक्ता फुगून शेऱ्याचा रकाना कागदाच्या बाहेर जाऊन उभा राहिला.

"शिफ्ट दाबून ओढा, काका," भाभी म्हणाल्या. "मग तक्त्याची रुंदी हाय तेवढीच ऱ्हाती. शेजारचा रकाना आकसून जागा देतो."

मी शिफ्ट दाबली. सुभेदार माझ्या खांद्यामागे उभे राहून हुकूम देऊ लागले.

"चल म्होरं. म्होरं. आजून. रुक! केसभर मागं. रुक!"

आडनाव त्याच ओळीत आले. ठिपका गेला. सौभाग्यवतींनी हात जोडले. तेवढ्यात शेजारच्या रकान्यात दुसरा ठिपका उमटला. नात्याचा रकाना आकसला होता आणि तेथे 'वधूचे' एवढेच उरले होते.

"व्वा!" सुभेदार म्हणाले. "आडनाव आलं आन मामा गेला!"

आम्ही नाते मोठे केले तर आडनाव जाई आणि आडनाव मोठे केले तर मामा जाई. अनुक्रमांकाचा रकाना मी इतका बारीक केला की दहापासूनचे आकडे गडप झाले. अक्षर लहान करू, असे भाभींनी सुचवताच सुभेदार म्हणाले की मग सोळाच्या सोळा जणांचे लहान करा. तसे केले, तेव्हा वधूच्या आजोबांना पत्रिका वाचण्यासाठी भिंग लागेल, असे सौभाग्यवती म्हणाल्या. ते मोडून पुन्हा मूळ आकार केला.

शेवटी सुभेदारांनी पडद्याच्या उजव्या टोकावर बोट ठेवले.

"ह्यो एवढा ऐसपैस रकाना कुणाचा?"

"शेऱ्याचा," मी म्हणालो.

"त्यात हाय काय?"

"निरंक."

"समद्यास्नी?"

"सोळाही जणांना."

"मग त्याला कशाला पोसताय, दाजी?"

मी त्यांना समजावून सांगितले की शेऱ्याविना तक्ता म्हणजे सहीविना अर्ज, आणि सत्तावीस वर्षांत असा तक्ता माझ्या हातून कचेरीत गेलेला नाही. सौभाग्यवती माझ्याकडे पाहत नव्हत्या. त्या भावाच्या चपलांकडे पाहत होत्या, कारण त्या चपला दाराच्या दिशेने वळल्या होत्या.

मी रकाना निवडला. भाभींनी कळ कोठे आहे ते दाखवले. ती मी स्वतःच दाबली, दुसऱ्याच्या हातून ते काम करून घेणे मला योग्य वाटले नाही. शेरा गेला. मोकळी झालेली जागा नाव आणि नाते यांना वाटून दिली आणि तिसऱ्या ओळीत निवृत्त सुभेदार, नाव, वडिलांचे नाव, आडनाव, वधूचे मामा, असे सर्व काही एका रांगेत सावधान उभे राहिले. सुभेदारांनी ती ओळ मोठ्याने तीनदा वाचली. भाभींनी नवी प्रत छापून सौभाग्यवतींच्या हाती दिली, तेव्हा बहिणीकडे वळून ते म्हणाले, "आक्का, माझी पत्रिका दे. मुहूर्ताच्या आदल्या दिवशी हजर हुतो."

ते खरोखरच आदल्या दिवशी आले, अंगात कोट आणि कोटावर पदके. मुहूर्ताच्या वेळी भटजी घड्याळ दाखवू लागले, वऱ्हाडी मंडळींच्या हातात अक्षता आल्या, परंतु मामांचा पत्ता नव्हता. शोध घेता ते मंडपाच्या शेवटच्या रांगेत सापडले. खिशातून पत्रिका काढून ते एकेका पाहुण्याला तिसरी ओळ दाखवीत होते, आणि "एका रांगेत हाय का न्हाई, बघा," असे विचारून उत्तर मिळाल्याशिवाय पुढे सरकत नव्हते.

खोलीच्या दारातून मुंडावळ्या बांधलेल्या माझ्या मुलीने सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असा आवाज दिला, "आवं मामा, वाचून झालं आसंल तर चला की! लगीन माझं हाय!"

सुभेदारांनी पत्रिका खिशात घातली आणि मंडपाच्या मधून धावत येऊन तिचा हात धरला.