माशांना लागणारी थंडी

माझ्या सासऱ्यांनी उभा जन्म मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढला. निवृत्त होऊन रत्नागिरीला परतल्यावर मासा त्यांना ठाऊक होता तो फक्त ताटातला. माझी मुलगी पुण्याला शिकायला गेली आणि हॉलमधली दोन फुटी काचेची टाकी, तिच्यातल्या पाच एंजलफिशसकट, माझ्या गळ्यात घालून गेली. तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "कालवणाच्याही उपयोगाचे नाहीत."

मग डिसेंबरात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पाय लांब करता येईल अशी जागा टाकीसमोरच होती, म्हणून खुर्ची तिथे ठेवली. दोन दिवस त्यांनी पेपर वाचला. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेले तर पेपर घडी करून मांडीवर ठेवलेला आणि ते टाकीकडे टक लावून बसलेले.

"अगो, हे सकाळचे असे तळाला का बसतात? दुपारी तर छान फिरतात."

मी शाळेच्या ऑफिसातून संध्याकाळी येऊन खाणं टाकणारी. माझ्या हे कधी लक्षातच आलं नव्हतं. "झोपले असतील," मी म्हटलं.

"झोपलेले नाहीत. पर मिटून कुडकुडतायत. हात घालून बघ."

हात घातला. पाणी गार होतं. तरी मला हसू आलं. "बाबा, रत्नागिरीत कसली थंडी? आपण कपाटातून स्वेटरसुद्धा काढत नाही."

"तुझं सोड. तू उन्हात जातेस. ते कुठे जाणार?"

त्यांनी थर्मामीटर मागितला. घरातला तापाचा कामाचा नव्हता, म्हणून टाकीत लावायचा छोटा काचेचा आणला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी रेघा मारल्या आणि दिवसातून चार वेळा आकडा लिहायला लागले. चार दिवसांनी मला बोलावून दाखवलं. सकाळी एकवीस, दुपारी चारला सव्वीस. "गार आहे ते एक झालं. पण रोज पाच डिग्री खाली-वर, हे त्यांना सोसत नसणार."

त्याच दिवशी सगळ्यात लहान मासा मेला. त्याच्या अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके होते. तसेच दोन-चार ठिपके आणखी एकावर दिसले, आणि मी दुकानात गेले.

पक्ष्यांचे पिंजरे आणि माशांचं खाद्य विकणारा दुकानदार हीटर म्हटल्यावर हसलाच. "मॅडम, इथे हीटर कोणी नेत नाही. मागे हातखंब्याच्या एका हॉटेलवाल्याने नेला होता, तेवढाच." तरी वरच्या फळीवरून त्याने धूळ झटकून तीन खोके काढले. पन्नास वॉट, शंभर वॉट, तीनशे वॉट. "तीनशेचा घ्या. झटक्यात पाणी गरम."

मला ते पटलंही होतं. पण घरी विचारल्याशिवाय घेतला तर ऐकावं लागलं असतं, म्हणून फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"त्याला विचार," सासरे म्हणाले, "आतला थर्मोस्टॅट चिकटून बसला तर?"

"चिकटत नाही हो काका," दुकानदार म्हणाला.

"सगळं चिकटतं कधीतरी. तीस वर्षं मी तेच दुरुस्त केलंय. तुमचा तीनशेचा चिकटला तर बंदच होणार नाही, दुपारपर्यंत कालवण करील. पन्नासचा रडतखडत चढवील, तोवर आपल्याला कळेल. साठ लिटर पाणी आणि चढवायच्यात पाच डिग्री. पन्नासचा आण."

पन्नासचा काचेच्या नळीचा होता, वर आकड्यांची चकती. तो थेट टाकीत सोडायलाही त्यांनी मना केलं. आधी बादलीत. चकती सव्विसावर लावून आम्ही दोघं बादलीशेजारी बसलो.

वेळ जाता जाईना, म्हणून मी विचारलं, "बाबा, जहाजावर पण असं मोजायचात?"

"दर चार तासांनी. इंजिन थंड करायला समुद्राचंच पाणी आत घेतात ना, त्याचं तापमान लिहायचं. आखातात पस्तीसपर्यंत जायचं. तिथून युरोपकडे निघालो की रोज थोडं थोडं उतरायचं. आम्हाला खाली आकाश दिसायचं नाही, किनारा दिसायचा नाही. त्या आकड्यावरून कळायचं, कुठवर आलो ते."

लग्न होऊन मला बावीस वर्षं झाली. त्यांनी आणलेले साबण, ब्लँकेटं, कॅसेट-प्लेअर मला माहीत होते. ते तिथे दिवसभर काय करत, हे मी कधी विचारलंच नव्हतं. त्या दुपारी मग विचारतच राहिले.

दोन तासांनी हीटरचा दिवा विझला. थर्मामीटर एकोणतीस दाखवत होता. मी वैतागले, बदलून आणते म्हणाले. त्यांना उलट गंमत वाटली. चकती मागे-पुढे करून त्यांनी खरा सव्वीस कुठे आहे ते शोधलं आणि तिथे माझ्या नेलपॉलिशचा ठिपका दिला.

टाकीत हीटर लावल्यावर रोज एकेक डिग्री करत अठ्ठावीसपर्यंत नेलं. दुकानातलं औषधही घातलं. दहा-बारा दिवसांत ठिपके गेले. सकाळी चारही मासे काचेशी येऊन खाणं मागायला लागले.

फेब्रुवारीत सासरे काठी घेऊन घरात फिरत होते. एका सकाळी त्यांनी हाक मारली. हीटरच्या नळीवर राजगिऱ्याएवढे दाणे ओळीने चिकटले होते आणि दोन मासे त्यांना परांनी वारा घालत होते.

"अंडी!" त्यांनी चटकन बटण बंद केलं. "नळी तापली तर उकडतील. पण पाणीही उतरता कामा नये." मग टाकीच्या तीन बाजूंना गोधडी गुंडाळली आणि पुन्हा आकडे लिहिणं सुरू झालं. तिसऱ्या सकाळी नळी स्वच्छ होती. मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "पहिल्यांदा आपलीच अंडी खातातच, आई."

सासऱ्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, "त्यांना उभं, गुळगुळीत काहीतरी लागतं असं दिसतंय. हीटरऐवजी दुसरं काय देऊया?"

मागच्या पडवीत जुन्या कौलांचे तुकडे होते. एक त्यांनी घासून गुळगुळीत केला, मी उकळून घेतला आणि हीटरपासून लांबच्या कोपऱ्यात उभा केला. पुढच्या खेपेला अंडी कौलावर पडली. या वेळी त्यातली सहा पिल्लं जगली. ती पोहायला लागली त्या दिवशी सासऱ्यांनी नातीला स्वतः फोन लावला आणि हॅलोसुद्धा न म्हणता विचारलं, "एवढ्या लहान तोंडांना खायला काय घालायचं गो?"