सहदेवनं थर पाहिले

कोलशेतच्या आमच्या चाळीत दहीहंडीच्या गोंगाटाला शिव्या घालणारा मी एकटाच. पण शेजारच्या सहदेवसमोर माझी बोलती बंद व्हायची. कारखान्यात पॅकिंगला जाणारा हा साधा माणूस गोविंदा पथकात कित्येक वर्षं तळाला उभा राहायचा. त्याच्या खांद्यांवर थरावर थर चढायचे आणि हा पठ्ठ्या तसूभर हलायचा नाही.

गुरुपौर्णिमेला सराव सुरू झाला की त्याच्या ताटातून भाकरी, पालेभाजी, उसळ सगळं हद्दपार. तळाच्या माणसाचं पोट गच्च हवं, असं पथकातल्या जुन्या लोकांनी त्याच्या डोक्यात भरवलेलं. मग दोन्ही वेळा अंडी, चिकन आणि पाव. सरावाच्या मधेच लघवीला जावं लागू नये म्हणून पाणीही जेमतेम. त्याची बायको मालन सांगून सांगून थकली. पोट साफ व्हायचं नाही आणि हा संडासात बसून जोर लावत राहायचा. त्यालाही तो व्यायामच समजत असावा.

गेल्या वर्षी सराव सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, तर जांघेत लिंबाएवढा फुगवटा आला. आडवं झालं की आत जायचा, खोकलं की बाहेर. सहदेवनं पट्टा करकचून बांधला आणि कुणाला काही बोलला नाही. मालनला कळलं तेव्हा तिनं मला सोबत घेतलं आणि आम्ही त्याला नौपाड्यात डॉक्टर रचनाबाईंकडे नेलं.

हर्निया होता. पोटाची भिंत एका जागी कच्ची पडली होती आणि आतडं तिथून बाहेर येऊ बघत होतं. बाईंनी नीट समजावलं. नुसत्या खाण्यानं हर्निया होतो असं नाही. ती जागा मुळात कमजोर असू शकते, वजन उचलणंही भोवतं. पण जेवणात चोथा नाही, वर पाणी नाही, म्हणून रोज कुंथायचं, तर पोटात दाब वाढतो आणि धोकाही वाढू शकतो. मी थक्क झालो. एवढ्या आडदांड देहाला आतून सांभाळणारा तो पातळ पडदा, आणि त्याच्या मदतीला मालनची भाकरी-भाजी. हे मला साठी उलटल्यावर कळत होतं.

सहदेवला एवढंच विचारायचं होतं. "मॅडम, यंदा उभा राहू ना?"

"यंदा नाही. ऑपरेशन करून घ्या. पुढचं नंतर बघू."

ज्याला कधी डगमगताना पाहिलं नव्हतं, तो माणूस परतताना रिक्षात रडला. मालननं त्याला रडू दिलं.

ऑपरेशन झालं. समोर येईल ती भाकरी आणि मेथी तो निमूटपणे खाऊ लागला, पाण्याची बाटली जवळ ठेवू लागला.

दहीहंडीला तो पथकाबरोबर गेला आणि कडेला उभा राहिला. मालनच्या शब्दाखातर मीही त्या गोंगाटात त्याच्याशेजारी होतो. त्याच्या जागी उभ्या राहणाऱ्या संदेशला हाक मारून त्यानं विचारलं, सकाळी पोट साफ झालं का. आजूबाजूचे हसले. सहदेव हसला नाही.

थर चढू लागले. तळाच्या माणसाची मान खाली, नजर जमिनीवर. इतक्या वर्षांत सहदेवनं आपल्या पथकाचे थर पाहिले ते मोबाइलवर, तेवढेच. आता तो मान वर करून बघत होता, एक हात नकळत पोटावर.

"काका, एवढं उंच असतं?" तो हळूच म्हणाला. "मी याच्या खाली असायचो?"