आठ फुटांची दोरी

"गाठ नाकाला लावा. सोडा दोरी. आता दम धरा."

फोटो काढताना आमचे फोटोवाले एवढंच बोलायचे. 'हसा' असं त्यांनी कुणाला कधी सांगितलं नाही. म्हणायचे, "हासा म्हनलं की मानूस दात दावतंय. हासत न्हाई."

नाकाचा आणि फोटोचा काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. तर त्यांचा कॅमेरा म्हणजे साधा डबा. भिंग मागेपुढे करायची सोय नाही. आठ फुटांवरचा माणूस त्याला स्वच्छ दिसायचा, त्याहून जवळचा धुरकट. म्हणून ही आठ फुटांची दोरी. एक टोक कॅमेऱ्यावर त्यांच्या अंगठ्याखाली, दुसऱ्या टोकाला गाठ. समोरच्यानं ती गाठ नाकाला टेकवायची. दोरी ताणली गेली की माणूस बरोबर जागेवर आला. मग दोरी सोडून द्यायची, दम धरायचा आणि खटका.

ताडकळसच्या बाजारात लिंबाखाली निळा पडदा बांधून ते बसायचे. मी तिथून तीन कोसांवरच्या एका गावात मास्तर होतो. मूळचा पालमकडचा, घर शेतकऱ्याचं, डोकं गरम. परभणीहून एक जुना कॅमेरा घेतला होता. पहिला रोल धुऊन आला आणि मी हबकलोच. बारा फोटोंपैकी चारांत आईला डोकंच नव्हतं. हेडमास्तर इतके हलले होते, की त्यांना दोन मिशा आल्या होत्या. तडक बाजारात जाऊन मी ते फोटो फोटोवाल्यांपुढे आपटले.

"मशीनच बोगस निघाली. चांगली कोणती घ्यावी, तेवढं सांगा."

त्यांनी झोळीतून स्वतःचा कॅमेरा काढून माझ्या हातात दिला. मी उलटापालटा करून पाहिला. अहो, तसलाच! माझ्या कॅमेऱ्याहून जुना, एका कडेला चिकटपट्टी लावलेला. आणि ह्या डब्यानं दहा गावांची लग्नं काढली होती.

"मशीनला काय समजतंय, सर?" ते म्हणाले. "तिला आठ फुटावर दिसतंय. तुमी आईला चार फुटावर बसवलं."

त्या दिवसापासून मी त्यांचा चेला झालो. बाराच्या उन्हात फोटो काढायचा नाही, माणसाच्या डोळ्यांत खड्डे पडतात. ऊन आपल्या डाव्या खांद्यावरून गेलं पाहिजे. आधी चारी कोपरे बघायचे, मग माणूस. अर्धा श्वास सोडायचा, अर्धा धरायचा. "खटका दाबायचा, मारायचा न्हाई. ढेकूण हाय का तो?" चेहऱ्याची एक बाजू काळी पडत असली, तर त्या बाजूला धुतलेलं पांढरं धोतर आडवं धरायचं, उजेड उसळून गालावर येतो. एकदा भर बाजारात मी असं धोतर धरून उभा होतो. एका विद्यार्थ्याचा बाप जाता जाता म्हणाला, "मास्तर, वाळू घालायला जागा न्हाई का घरी?" फोटोवाले पोट धरून हसले, तेवढ्यात समोरचं गिऱ्हाईकही हसलं आणि त्यांनी खटका दाबला. तो फोटो इतका झकास आला, की त्या माणसानं त्याच्या तीन प्रती केल्या.

फोटोवाले बौद्ध वस्तीतले. थोरली मुलगी परभणीला कॉलेजात शिकत होती, ती ह्याच डब्याच्या जोरावर. पोरगी प्रोफेसर होणार, एवढा एकच विषय त्यांना फोटोपेक्षा आवडायचा. त्यांच्या घरी मी चहा प्यायचो, जेवायचो. दिवस विद्यापीठाच्या नामांतराचे होते. ओळखीची माणसं रस्त्यात समोर आली तरी मान वळवायची. स्टाफरूममध्ये मी नामांतराच्या बाजूनं टेबल बडवायचो. आपण जात मानत नाही, याची मला पक्की खात्री होती. केवढी ती खात्री, बाप रे!

चौथ्या वर्षी आमच्याच गावात एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरी लग्न होतं. लग्नसराईला नुकतीच सुरुवात झालेली, फोटोवाल्यांकडे त्या उन्हाळ्याची अकरा लग्नं ठरलेली. मी मदतीला गेलो होतो. हळद लागलेली नवरी अंगणात खुर्चीवर बसली. फोटोवाले कॅमेऱ्यात डोकं घालून म्हणाले, "सर, दोरी द्या जरा."

मी झोळीत हात घातला. दोन दोऱ्या निघाल्या, एक लाल आणि एक पांढरी. लाल गुंतलेली होती. मी पांढरी उचलून तिची गाठ नवरीच्या हातात दिली आणि तिनं ती नाकाला लावली.

फोटोवाल्यांनी मान वर केली. त्यांचा तसा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

"सर, ती न्हाई," ते हळूच म्हणाले.

"अहो, सारखीच आहे की लांबीला!" मी मोठ्यानं म्हणालो. मास्तर ना मी, हळू बोलायची सवय कुठली?

नवरीची आजी उठली, नातीच्या हातातली दोरी हिसकून तिनं मातीत फेकली आणि नवरीला दंडाला धरून न्हाणीत नेलं. हळदीचं तोंड परत धुतलं. आत पाणी ओतल्याचा आवाज येत होता आणि मी खुळ्यासारखा उभा. काय झालं काय? दोरी मळकी होती का?

नवरीचा चुलता माझ्याजवळ आला. त्याच्या आवाजात रागही नव्हता. "मास्तर, लाल दोरी गावाची, पांढरी त्यांच्या वस्तीची. एवढी वर्सं बिचाऱ्यानं रीत सांभाळली. तुमीच मोडायलात."

सगळ्यांना माहीत होतं! आजीला, चुलत्याला, वाजंत्र्यांनासुद्धा. चार वर्षं त्या झोळीशी खेळणाऱ्या मला तेवढं माहीत नव्हतं. पांढरी जादाची असेल, असं मी धरून चाललो होतो.

मग मी ओरडलो. दोरीला कसला विटाळ, लाज नाही वाटत, असं काय काय बोललो. जितका बोललो तितकं बिघडलं. शेवटी फोटोवाल्यांनीच हात जोडले, मला. "सर, पाया पडतो, गप ऱ्हावा." त्यांनी मातीतली दोरी उचलली, नेहमीसारखी चार बोटांवर गुंडाळली आणि झोळीत ठेवली. त्या घरचा एकही फोटो झाला नाही.

परत जाताना मी विचारलं, "ही रीत घातली कुणी?"

"कुनीच न्हाई. एका म्हातारीनं इचारलं, ही दोरी आधी कुनाच्या नाकाला लागली? म्या तवा दुसरी केली. धंदा करायचा व्हता."

"आणि मला कोणती देत होता?"

"लाल."

"मी कधी मागितली होती?"

"तुमी मागितली न्हाई. म्या इचारलं न्हाई."

मला राग आला, आणि तो त्यांचाच आला, बघा. मला त्यांनी त्या लोकांत धरलं! पुढचा सगळा रस्ता मी फुगून चाललो.

दहा-बारा दिवसांत अकराही लग्नं गेली. कुणी भांडलं नाही, कुणी काही बोललं नाही, फक्त दुसरीकडून फोटोवाला आला. बाजारातल्या निळ्या पडद्यासमोर कुणी उभं राहीना. दोन बाजार मी तिथं बसून काढले. दुसऱ्या बाजारी धीर करून म्हणालो, "चूक माझी झाली."

"चूक झाली न्हाई, सर. तुमी खरंच बोलले," ते म्हणाले. "पर धंदा माझा गेला. पोरीचं एकच वर्स ऱ्हायलंय."

मी निळ्या पडद्याकडे बघत बसलो.

त्यांनी औरंगाबादला कारखान्यात काम धरायचं ठरवलं. निघायच्या दिवशी सकाळी शाळेत आले, खांद्याला झोळी. "सर, तुमचा एक फोटो काढून जातो."

मला शाळेच्या भिंतीपाशी उभं केलं. ऊन त्यांच्या डाव्या खांद्यावर होतं. झोळीतून त्यांनी पांढरी दोरी काढली आणि गाठ माझ्याकडे केली. मला भरून आलं. एवढं सगळं होऊनही ह्या माणसानं मला आपल्यात घेतलं!

"गाठ नाकाला लावा."

मी लावली. चांगली दाबून लावली. मग सोडली, दम धरला. खटका नेमका कधी वाजला, ते मला कळलं नाही.

"बघा, लावली की नाही?" मी म्हणालो.

"व्हय, सर," ते म्हणाले. चार बोटांवर दोरी गुंडाळली आणि एसटीच्या रस्त्याला लागले.

महिन्याभरानं पाकीट आलं. चिठ्ठी नव्हती, नुसता फोटो. मी तो उजेडात धरला.

आयुष्यभर दोरी सुटल्यावर खटका दाबणाऱ्या माणसानं ह्या एका वेळी तो आधी दाबला होता. दोरी ताणलेली. गाठ माझ्या मुठीत, नाकापासून दोन बोटांवर अडलेली. आणि माझं डोकं मागे गेलेलं. ओठ घट्ट मिटलेले, डोळे बारीक केलेले, नाकपुड्या आवळलेल्या. गटारावरून जाताना माणूस करतो तसं तोंड. मी हे केलं होतं? कधी? शपथेवर सांगतो, मला त्याचा पत्ताही नव्हता.

त्यानंतर ते पुन्हा भेटले नाहीत. मुलगी पुढं शिकली की नाही, तेही कळलं नाही. औरंगाबादला दोनदा जाऊन शोधलं, पण खरं सांगायचं तर भेटले असते तर काय बोललो असतो, कुणास ठाऊक.

फोटो पेटीत आहे. बायकोलाही दाखवलेला नाही. अधूनमधून काढतो, चारी कोपरे बघतो, मग माणूस बघतो. सदऱ्याची बटणं मोजता येतात इतका स्वच्छ आला आहे. तसल्याच माझ्या डब्यानं कितीतरी फोटो घालवले. हा एक तरी हलायला हवा होता.